पँगाँगवरचे दोन दिवे

मलकापुरात संध्याकाळी पश्चिमेला, आंब्याच्या डोंगरावर, शुक्र टेकलेला दिसला तर त्याला कुणी शत्रूचे विमान म्हणत नाही. शुक्राची चांदणी आपल्या शेतकऱ्याला घड्याळासारखी पाठ असते. मग हाच शुक्र लडाखच्या सीमेवर उगवला तेव्हा प्रशिक्षित जवानांना तो अनोळखी का वाटावा? या प्रश्नाचे उत्तर डोळ्यांपेक्षा परिस्थितीत अधिक सापडते.

२०१२ च्या ऑगस्टपासून पँगाँग सरोवराजवळच्या ठाकुंग भागातून भारत-तिबेट सीमा पोलिसांचे अहवाल येऊ लागले. चीनच्या बाजूच्या क्षितिजावरून पिवळसर प्रकाशगोल वर येतात, तीन ते पाच तास आकाशात संथपणे सरकतात आणि नाहीसे होतात, असे त्यांत म्हटले होते. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत अशा नोंदी शंभरावर गेल्या. फेब्रुवारी २०१३ पर्यंत लष्कराच्या नोंदी ३२९ झाल्या आणि त्यांपैकी १५५ वेळा वस्तूने हद्द ओलांडल्याचे मानले गेले. हेरगिरीचे ड्रोन असावेत, असा संशय होता. फिरते रडार सरोवराजवळच्या टेकडीवर आणले गेले. त्यावर काहीच उमटले नाही. वस्तूच्या दिशेने टेहळणी ड्रोन पाठवला, तोही तिच्यापर्यंत पोचू शकला नाही.

येथे एक तर्कदोष ध्यानात घेण्याजोगा आहे. रडारवर काही न येणे म्हणजे जवळपास घन वस्तू नसण्याची शक्यता मोठी. पण मनात शत्रू आधीच ठरलेला असेल, तर तीच गोष्ट शत्रूकडे रडार चुकवणारे तंत्र असल्याचा पुरावा ठरते. पुरावा नसणे हाच पुरावा होऊ लागला की कुठलीही तपासणी संशय मिटवू शकत नाही.

अखेर बंगळुरूच्या भारतीय ताराभौतिकी संस्थेकडे विचारणा झाली. या संस्थेची वेधशाळा लडाखमध्येच, हानले येथे सुमारे ४,५०० मीटर उंचीवर आहे. खगोलज्ञांनी वस्तूंच्या वेळा, दिशा आणि क्षितिजापासूनची उंची यांच्या नोंदी तपासल्या. निष्कर्ष २०१३ च्या जुलैत वृत्तपत्रांत आला: ते गुरू आणि शुक्र होते.

गणित साधे आहे. तारे रोज सुमारे चार मिनिटे लवकर उगवतात, म्हणजे महिन्याला दोन तास. गुरूची चालही जवळपास तशीच. ऑगस्टच्या आरंभी तो मध्यरात्रीनंतर उगवत होता, तर ३ डिसेंबरच्या सुमारास सूर्यास्ताबरोबर. शुक्र त्या काळात पहाटेचा तारा होता. दोघेही पूर्वेला उगवणार, आणि ठाकुंगहून पूर्वेला चीनची बाजू. आणखी एक कसोटी कुणालाही करता आली असती. पाच किलोमीटरवरचा ड्रोन दोन किलोमीटर अंतरावरच्या दोन चौक्यांवरून पाहिला, तर दिशेत वीसेक अंशांचा फरक पडू शकतो. ग्रह मात्र दोन्हीकडून एकाच दिशेला दिसतो.

या प्रकारावर तेव्हा हसणारे पुष्कळ निघाले. पण चार हजार मीटरवरच्या विरळ, कोरड्या हवेत ग्रह फार तेजस्वी दिसतात. काळोखात एकाच ठिपक्याकडे टक लावली की तो हलल्याचा भास होतो. शिवाय सीमेवरच्या पहारेकऱ्याला दिसेल ते कळवण्याचीच आज्ञा असते. युद्धकाळात हे इतरत्रही घडले आहे. १९४४ च्या हिवाळ्यात ऱ्हाईनच्या खोऱ्यावर रात्री उडणाऱ्या अमेरिकन वैमानिकांना विमानामागे येणारे प्रकाशगोळे दिसले, आणि ते शत्रूचे नवे अस्त्र असावे अशी शंका घेतली गेली.

अशा चुकीची किंमत मोठी असू शकते. लष्कराच्या या नोंदींनंतर दोनच महिन्यांत, १५ एप्रिल २०१३ रोजी, चिनी सैनिकांनी देपसांगमध्ये तंबू ठोकले आणि तीन आठवडे दोन्ही सैन्ये समोरासमोर उभी राहिली. अशा वेळी एखाद्या चौकीने शुक्रावर गोळी झाडली असती, तर पलीकडच्याला ती आपल्यावर झाडल्यासारखीच वाटली असती.

पण याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. २७ जून २०२१ च्या पहाटे जम्मूच्या हवाई दल तळावर ड्रोनने स्फोटके टाकली. तिथे आकाशातली वस्तू शत्रूचीच होती. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी अशांत मणिपुरात इंफाळ विमानतळाजवळ भरदुपारी अनोळखी वस्तू दिसल्यावर उड्डाणे थांबली आणि राफेल विमाने शोधाला निघाली. त्यांना काही आढळले नाही. म्हणून ‘हे नेहमीचे ग्रहच’ असे पाठ केलेले उत्तर ‘हे शत्रूचेच’ या उत्तराइतकेच धोक्याचे आहे.

ठाकुंगच्या जवानांनी वेळा आणि दिशा लिहून ठेवल्या नसत्या, तर खगोलज्ञांना तपासायला काहीच उरले नसते. त्यांचा अंदाज चुकला. पण ती चूक दुरुस्त झाली ती त्यांच्याच नोंदवह्यांमुळे. गोळी झाडण्याआधी वही उघडायची, ही सवय सीमेवर शस्त्राइतकीच मोलाची आहे.