दोन खांबांमधली वाट

मुंबईच्या सागरी किनारा रस्त्याचा दक्षिण टप्पा प्रिन्सेस स्ट्रीट उड्डाणपुलापासून वांद्रे-वरळी सागरी सेतूपर्यंत सुमारे साडेदहा किलोमीटरचा आहे. २०१८ मध्ये काम सुरू झाले आणि समुद्रात शंभर हेक्टरांहून अधिक भराव पडला. जुलै २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्रकल्पाची किनारा नियमन परवानगी रद्द केली. २००६ च्या अधिसूचनेनुसार पर्यावरण मंजुरीही हवी, असे न्यायालयाने म्हटले. डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली आणि काम पुन्हा चालू झाले. वरळी व हाजी अलीच्या खडकांवरील प्रवाळ, वाघाइतकेच कायद्याचे संरक्षण असलेले, २०२० मध्ये दुसरीकडे हलवण्यात आले.

खरा पेच मात्र वरळी कोळीवाड्यापाशी पडला. तिथल्या क्लीव्हलँड बंदरातून निघालेल्या होड्यांना समुद्र गाठायचा तर सागरी सेतूला जोडणाऱ्या पुलाखालूनच जावे लागणार होते. आराखड्यात दोन खांबांमधले अंतर होते ६० मीटर. महापालिकेच्या मते ते पुरेसे होते, कारण होडी काही तेवढी रुंद नसते. पण होडी रस्त्यावरच्या गाडीसारखी सरळ रेषेत जात नाही. नारळी पौर्णिमेनंतर मासेमारी सुरू होते तेव्हा दर्या अजून उसळलेला असतो. वारा आणि पाण्याची ओढ होडीला आडवी ढकलते, समोरून दुसरी होडी येत असते, आणि खांबाची जाडी वजा केली की मोकळी वाट आणखी आवळते. कोळ्यांनी १६० ते २०० मीटर अंतर मागितले आणि समुद्रात उतरून काम अडवले. अखेर २०२२ च्या डिसेंबरात सरकारने मागणी अंशतः मान्य केली. एक खांब गाळून अंतर १२० मीटर करण्यात आले.

हा बदल अभियांत्रिकीला शक्य होता, हे यातून सिद्धच झाले. मग तो आराखडा कागदावर असतानाच व्हायला हवा होता. बंदरावरच्या नाखवांना तेव्हाच विचारले असते, तर बांधकाम चालू असताना पुलाचा आराखडा बदलावा लागला नसता.

खडकांवरच्या बायकांच्या वाट्याला तेवढेही आले नाही. ओहोटीला खडपांवर उतरून कालवे आणि शिंपल्या काढणे हा कोळीवाड्यातल्या अनेकींचा आधार होता. होडीची सरकारदरबारी नोंद असते. चालत जाऊन कालवे काढणारीची सहसा नसते, त्यामुळे भरपाईच्या हिशेबात ती मागे पडते. पुलाचा एक खांब गाळता आला. भरावाखाली गेलेले खडक मात्र पुन्हा उघडे होणार नाहीत.