शेजारील शहरांतील रस्ते व पर्जन्यजल निचरा : खर्चविभागणीचा प्रश्न (वालधुनी खोऱ्याच्या संदर्भात)

प्रास्ताविक

नागरी पायाभूत सुविधांच्या वित्तपुरवठ्याचा विचार आपल्याकडे प्रामुख्याने एका शहराच्या अंदाजपत्रकापुरता केला जातो. पाणीपुरवठा वा पथदिवे यांच्या बाबतीत ही मर्यादा फारशी जाणवत नाही. परंतु हद्दीवरील रस्ता आणि त्याच्या कडेने वाहणारे पर्जन्यजल हे विषय एका संस्थेच्या लेखाशीर्षात मावत नाहीत. प्रस्तुत लेखात ठाणे जिल्ह्यातील वालधुनी नदीच्या खोऱ्याच्या आधारे या खर्चाच्या विभागणीचे स्वरूप स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

वालधुनीचे खोरे

अंबरनाथ परिसरातील डोंगरउतारावर उगम पावणारी वालधुनी शके ९८२ चा शिलालेख असलेल्या प्राचीन शिवमंदिरालगत वाहते, उल्हासनगरच्या दाट वस्तीतून जाते आणि कल्याण येथे उल्हास नदीच्या खाडीस मिळते. म्हणजेच एक नगरपरिषद व दोन महानगरपालिका अशा तीन स्वतंत्र संस्था एकाच प्रवाहावर वसलेल्या आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार अंबरनाथची लोकसंख्या सुमारे अडीच लाख, उल्हासनगरची पाच लाखांवर, तर कल्याण-डोंबिवलीची सुमारे साडेबारा लाख होती. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत या नदीकाठच्या वस्त्यांची मोठी हानी झाली. अतिवृष्टी व खाडीची भरती एकाच वेळी आल्यास कल्याणकडील पाण्याला उतरण्यास वाट उरत नाही आणि ते मागे तुंबते. वरच्या शहरात काँक्रीटचा रस्ता झाला, गटार रुंद झाले, की तेथील पाणी लवकर ओसरते. खालच्या शहरात मात्र ते तितक्याच लवकर येऊन पोहोचते. एकाची सुधारणा ही दुसऱ्याची आपत्ती ठरू शकते, आणि ती आपत्ती बहुधा नाल्याकाठच्या गरीब वस्तीवर कोसळते.

वाटा कोणत्या निकषावर ?

हद्दीवरील रस्त्याचा खर्च लांबीनुसार किंवा निम्मा-निम्मा वाटून घेणे ही रूढ पद्धत होय. रस्त्याच्या पृष्ठभागापुरती ती न्याय्य आहे. पर्जन्यजलवाहिनीस तोच निकष लावणे मात्र सदोष आहे, कारण वाहिनीचा आकार रस्त्याच्या लांबीवर ठरत नाही. अभियांत्रिकीतील प्रचलित सूत्रानुसार वाहिनीत येणारा कमाल प्रवाह हा अपवाह गुणांक, पर्जन्याची तीव्रता आणि पाणलोट क्षेत्र यांच्या गुणाकारावर अवलंबून असतो.

केवळ स्पष्टीकरणासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. 'अ' शहराचे ६० हेक्टर क्षेत्र वाहिनीत उतरते व दाट बांधकामामुळे त्याचा गुणांक ०.८ आहे, 'ब' शहराचे क्षेत्र ४० हेक्टर, गुणांक ०.५. पर्जन्याची तीव्रता दोहोंकडे समान मानल्यास प्रवाहाचे प्रमाण ४८ : २० असे येते. वाहिनीचा खर्च १० कोटी रुपये असेल, तर 'अ' चा वाटा सुमारे ७.०६ कोटी व 'ब' चा २.९४ कोटी होईल. निम्म्या वाटणीत 'ब' ला दोन कोटींहून अधिक भुर्दंड पडला असता. क्षेत्रफळाचाच निकष लावला तर 'अ' चा वाटा सहा कोटी इतकाच येतो. म्हणजे उघडी जमीन राखल्याचे श्रेय 'ब' ला मिळत नाही. यावर वरच्या शहराचा आक्षेप ठरलेला असतो : पाणी पूर्वापार याच वाटेने जाते, त्याचे पैसे कसले? हा आक्षेप नैसर्गिक प्रवाहापुरता ग्राह्य धरता येईल. बांधकामामुळे वाढलेल्या प्रवाहास तो लागू होत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

कामाचा क्रमही खर्चाइतकाच महत्त्वाचा असतो. निचऱ्याचे काम मुखाकडून उगमाकडे व्हावयास हवे. प्रत्यक्षात ज्या संस्थेस निधी आधी मिळतो तिचे काम आधी होते. त्यात रेल्वेमार्गाखालील मोऱ्या हा तिसरा पक्ष. त्या रुंद करावयाच्या तर रेल्वे प्रशासन ठेव काम म्हणून खर्चाची रक्कम आगाऊ भरून घेते. ती कोणी भरावी याचे उत्तर दोन्ही शहरांकडे नसते.

निधीचे स्रोत

डिसेंबर २००५ मध्ये सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियानात पर्जन्यजल निचऱ्याचा समावेश होता. चाळीस लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरांसाठी केंद्र, राज्य व स्थानिक संस्था यांचा वाटा ३५ : १५ : ५० असा, तर दहा ते चाळीस लाखांच्या शहरांसाठी ५० : २० : ३० असा होता. २०१५ च्या अमृत अभियानातही हा घटक होता. २०२१ च्या दुसऱ्या टप्प्यात भर पाणीपुरवठा व मलनिस्सारणावर आला. अनुदानातून वाहिनी बांधली जाते, दरवर्षीची नालेसफाई मात्र स्वतःच्या महसुलातून करावी लागते. जकात व स्थानिक संस्था कर गेल्यानंतर २०१७ पासून महानगरपालिकांची भिस्त वस्तू व सेवा कराच्या नुकसानभरपाईवर आहे. मालमत्ता कर हाच काय तो त्यांच्या हातचा मोठा स्रोत उरला आहे.

पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या कालावधीसाठी दशलक्षी नागरी समूहांकरिता ३८,१९६ कोटी रुपयांचा स्वतंत्र निधी सुचविला. त्यात एकेका शहराऐवजी नागरी समूह हा घटक मानला गेला, ही बाब लक्षणीय आहे.

संस्थात्मक चौकट

राज्यघटनेच्या अनुच्छेद २४३-यङ नुसार महानगर नियोजन समितीने विकास आराखडा करताना स्थानिक संस्थांचे समान हिताचे विषय, पाण्याची व नैसर्गिक साधनांची विभागणी विचारात घ्यावयाची असते. परंतु या समितीस स्वतःचा कर नाही. अमेरिकेतील लॉस एंजेलिस परगण्याचे उदाहरण येथे उद्बोधक ठरते. तेथील मतदारांनी नोव्हेंबर २०१८ मध्ये पाणी न मुरणाऱ्या प्रत्येक चौरस फुटामागे अडीच सेंट कर मंजूर केला. त्यातील निम्मी रक्कम पाणलोटनिहाय प्रादेशिक कामांसाठी, ४० टक्के शहरांना व १० टक्के पूरनियंत्रण जिल्ह्यास जाते. आपल्याकडे असा कर लगेच येईल अशी चिन्हे नाहीत. तथापि अपवाहाधारित वाटा, मुखाकडून सुरू होणारा कामाचा क्रम आणि नालेसफाईच्या खर्चाची वार्षिक तरतूद या तीन बाबी नमूद केलेला त्रिपक्षीय करार करण्यास नवा कर लागत नाही. त्यासाठी प्रथम संपूर्ण खोऱ्याचे एकत्रित सर्वेक्षण करून प्रत्येक संस्थेच्या हद्दीतील अपवाह गुणांक निश्चित करावे लागतील, आणि जवळच्या अभियांत्रिकी व भूगोल विभागांना ते काम हाती घेता येण्याजोगे आहे.