रांजणातील खडे

वाल्या कोळ्याची कथा महाराष्ट्रात घरोघरी सांगितली जाते. वाटसरूला गाठावे, मारावे, लुटावे आणि प्रत्येक वधामागे एक खडा रांजणात टाकावा, असा त्याचा क्रम होता. असे सात रांजण भरले. पुढे नारदमुनी भेटले. पापात वाटेकरी होण्यास बायकामुलांनी नकार दिला, तेव्हा वाल्याचे डोळे उघडले. अंगावर वारूळ चढेपर्यंत त्याने तप केले आणि तो वाल्मीकी झाला. पतिताचाही उद्धार होऊ शकतो, हा या कथेचा बोध थोरच आहे. परंतु एक गोष्ट ही कथा सांगत नाही. त्या सात रांजणांतील खड्यांचे पुढे काय झाले? प्रत्येक खडा म्हणजे एक माणूस होता आणि त्याची वाट पाहणारे एक घर होते. त्या घरांकडे कोणी फिरकले काय?

कथेला हा प्रश्न विचारणे कदाचित अन्यायाचे ठरेल, कारण तिचा विषय निराळा आहे. समाजाला मात्र तो विचारलाच पाहिजे. अपराध घडला की समाजाचे लक्ष अपराध्याकडे वळते. कोणता नियम मोडला, कोणी मोडला आणि त्याला शिक्षा काय, या तीन प्रश्नांभोवती सारा खटाटोप फिरतो. कोणी शिक्षेची मागणी करतो, कोणी सुधारणेची. पण दोघांच्याही दृष्टीसमोर अपराधीच असतो. ज्याचे नुकसान झाले तो फार तर साक्षीदार म्हणून बोलावला जातो आणि साक्ष संपली की घरी पाठविला जातो.

गेल्या अर्धशतकात जगाच्या निरनिराळ्या भागांत जो विचार 'पुनर्स्थापनात्मक न्याय' या जडशा नावाने पुढे आला, त्याने या तीन प्रश्नांच्या जागी दुसरे तीन प्रश्न मांडले. दुखावले कोण गेले? त्यांची गरज काय आहे? आणि ती भागविण्याची जबाबदारी कोणाची? अमेरिकेतील हॉवर्ड झेर यांनी १९९० मध्ये 'चेंजिंग लेन्सेस' या ग्रंथात या विचाराची व्यवस्थित मांडणी केली. साध्या मराठीत त्याला 'सांधणारा न्याय' म्हणता येईल. हा विचार केवळ न्यायालयांसाठी आहे, असे समजण्याचे कारण नाही. किंबहुना त्याची खरी कसोटी वर्गात, कचेरीत, चाळीत आणि घरातच लागते.

शाळेचेच उदाहरण घ्यावे. सातवीच्या वर्गात एका मुलाने दुसऱ्याची नवी कंपासपेटी पळविली. चोरी उघडकीस आली तोवर आतला कोनमापक तुटला होता. पूर्वीचे गुरुजी अशा वेळी छडी उचलीत किंवा अंगठे धरून उभे करीत. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला मनाई केली, हे योग्यच झाले. तथापि छडी गेली, तिच्या जागी काय आले? मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर तिष्ठणे, पालकांना चिठ्ठी आणि हमीपत्रावर सही. ज्याची पेटी गेली तो मुलगा भूमितीच्या तासाला शेजाऱ्याकडे कोनमापक मागत राहतो. वस्तू सांभाळता येत नाही म्हणून घरी बोलणीही तोच खातो. चोरणाऱ्याच्या कपाळी 'चोर' हे नाव चिकटते आणि वर्षभर वर्गात काहीही हरवले की सर्वांच्या नजरा त्याच्याकडे वळतात. शिक्षा झाली, पण सांधले काहीच गेले नाही.

याउलट शाळा सुटल्यावर शिक्षकाने त्या दोघांना समोरासमोर बसविले तर? ज्याचे गेले त्याने आधी बोलावे. ती पेटी वडिलांनी किती काटकसर करून घेतली होती, ती हरवली म्हणून घरी काय ऐकावे लागले, हे त्याने सांगावे. दुसऱ्याला हे बहुधा प्रथमच कळत असते. त्याच्या लेखी तोवर ती केवळ एक वस्तू असते. मग भरपाई कशी करणार, हे त्यानेच सुचवावे. पैसे नसतील तर स्वतःचा कोनमापक द्यावा, नाही तर दुसरे काही काम करून द्यावे. ते पुरेसे आहे की नाही, हे मात्र ज्याचे गेले त्याने ठरवावे. भरपाई पुरी झाल्यावर शिक्षकाने वर्गाला बजावावे की, हे प्रकरण मिटले असून यापुढे कोणी कोणाला 'चोर' म्हणावयाचे नाही. साठ मुलांचा वर्ग आणि नाना प्रकारची सरकारी कामे यांच्या ओझ्याखाली असलेल्या शिक्षकाला एवढा वेळ कोठून मिळावा, हा आक्षेप खोटा नाही. परंतु त्याच मुलाला त्याच अपराधासाठी पुनःपुन्हा शिक्षा करण्यातही वेळ जातोच आणि त्याचा हिशेब कोणी ठेवीत नाही.

कचेरीतील चित्र फारसे वेगळे नाही. एका निवृत्त शिक्षकाच्या सेवापुस्तकात एक नोंद चुकीची पडली आणि त्याचे निवृत्तिवेतनाचे प्रकरण आठ महिने अडकले, अशी कल्पना करावी. चूक उघड झाल्यावर लिपिकाला 'कारणे दाखवा' नोटीस जाते, खुलासा येतो, ताकीद दिली जाते आणि फाइल बंद होते. कागदोपत्री न्याय झालेला असतो. ज्याने आठ महिने उसनवारीवर काढले, त्याला या साऱ्या पत्रव्यवहारात स्थानच नसते. त्याला एका ओळीचे दिलगिरीचे पत्रही जात नाही, कारण दिलगिरी व्यक्त करणे म्हणजे दोष कबूल करणे, अशी कचेरीची समजूत असते. लिपिकही या ताकदीने अधिक सावध होतो. अधिक जबाबदार होतोच असे नाही. पुढच्या वेळी चूक टाळण्याऐवजी सही टाळावी, हा धडा तो शिकतो. तोच लिपिक त्या वृद्धाला भेटला असता, त्याचे प्रकरण स्वतः टेबलाटेबलावरून पुढे नेऊन पुरे करून देता, तर दोघांचीही मान थोडी वर झाली असती.

हे सारे स्वप्नरंजन आहे, असे ज्यांना वाटेल त्यांनी कॅनडातील एल्मायरा या लहान गावी १९७४ मध्ये काय घडले ते पाहावे. दोन तरुणांनी मद्याच्या धुंदीत एका रात्रीत २२ ठिकाणी नासधूस केली. मोटारींचे टायर चिरले, काचा फोडल्या. रूढ मार्ग तुरुंगाचा होता. परंतु परिवीक्षा अधिकाऱ्याने न्यायाधीशांना असे सुचविले की, या तरुणांनी ज्यांचे नुकसान केले त्यांची प्रत्यक्ष भेट घ्यावी. न्यायाधीशांनी ते मान्य केले. दोघे दारोदार गेले, केलेल्या कृत्याची कबुली दिली, नुकसान किती झाले ते ऐकून घेतले आणि पुढील काही महिन्यांत भरपाई केली. त्यांतील एक जण पुढे कित्येक वर्षांनी याच कार्यात स्वयंसेवक झाला. अंधारात काच फोडणे सोपे असते. दिवसाउजेडी त्याच दारावर थाप मारून 'काच मी फोडली' असे म्हणणे त्याहून कितीतरी अवघड असते. सांधणारा न्याय म्हणजे सौम्य न्याय, हा समज या एकाच उदाहरणाने दूर व्हावा.

ही कल्पना केवळ पाश्चात्त्यांची आहे, असेही नाही. न्यूझीलंडने १९८९ मध्ये बालगुन्हेगारांसाठी जो कायदा केला, त्यात कुटुंबीय, अपराधी मूल, पीडित व्यक्ती आणि पोलीस यांनी एकत्र बसून निर्णय घेण्याची पद्धत आली. तिच्या मुळाशी माओरी लोकांची परंपरा होती. भारतीय वाचकाला तर त्याहून जवळचे उदाहरण 'सत्याचे प्रयोग' मध्ये सापडते. पंधरा वर्षांच्या सुमारास मोहनदास गांधींनी भावाचे कर्ज फेडण्यासाठी त्याच्याच सोन्याच्या कड्यातून तुकडा चोरला. मन खाऊ लागले तेव्हा त्यांनी वडिलांना चिठ्ठी लिहिली, अपराध कबूल केला, शिक्षा मागितली आणि पुन्हा चोरी न करण्याची प्रतिज्ञा केली. आजारी वडिलांनी ती वाचली, त्यांच्या डोळ्यांतून आसवे गळली आणि त्यांनी चिठ्ठी फाडून टाकली. मार मिळाला असता तर हिशेब तेथेच मिटला असता. वडिलांचे दुःख डोळ्यांनी पाहावे लागले, म्हणून तो मिटला नाही आणि आयुष्यभर पुरला.

तथापि या विचाराची दुसरी बाजू डोळ्यांआड करून चालणार नाही. 'आपसांत मिटवा' हा शब्दप्रयोग या देशात दुबळ्याचे तोंड बंद करण्यासाठीच अधिक वेळा वापरला गेला आहे. सुनेला मारहाण झाली, मिटवा. वस्तीतील माणसाला पाणवठ्यावरून हाकलले, मिटवा. पंच एकत्र बसले आणि निर्णय झाला, एवढ्याने न्याय होत नाही. जातपंचायतीही एकत्रच बसत आणि वाळीत टाकण्याचा निर्णय देत; म्हणूनच महाराष्ट्राला २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. महाविद्यालयातील रॅगिंगविरुद्ध राज्यात १९९९ चा कायदा आहे. तो बाजूला ठेवून दुखावलेल्या मुलालाच 'मोठ्या मनाने' घेण्यास सांगणे हे सांधणे नव्हे, तो दुसरा प्रहार होय. म्हणून तीन अटी अढळ मानाव्या लागतील. पीडिताने स्वेच्छेने यावे. अपराध्याने अपराध आधी मान्य करावा. आणि बैठक फिसकटली तर कायद्याचे दार उघडे असावे. जेथे एकाला दुसऱ्याचे भय आहे, तेथे आधी संरक्षण आणि मग संवाद.

समेटाची घाई झाली की काय होते, याचा विचार महाराष्ट्राने स्वतःच्या अनुभवाच्या आधारेही करावयास हवा. १५ ऑगस्ट २००७ रोजी राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. बांधाचे, वाटणीचे, भाऊबंदकीचे तंटे गावातच मिटावेत, हा हेतू स्तुत्य होता. परंतु गावाचे मूल्यमापन जेव्हा गुणांनी होते आणि पात्र गावाला रोख पारितोषिक मिळते, तेव्हा मिटलेल्या तंट्यांची संख्या मोजली जाते. मिटल्यानंतर कोण कोणाशी बोलू लागले, हे मोजता येत नाही. दक्षिण आफ्रिकेचा धडाही याच जातीचा आहे. आर्चबिशप डेस्मंड टुटू यांच्या अध्यक्षतेखालील आयोगापुढे १९९६ पासून हजारोंनी आपल्या यातना सांगितल्या आणि संपूर्ण सत्य सांगणाऱ्या अपराध्यांना माफीची तरतूद होती. माफी लगेच लागू झाली. पीडितांना भरपाई म्हणून एकदाच ३०,००० रँड देण्याचा निर्णय मात्र २००३ मध्ये झाला आणि ती रक्कम आयोगाने सुचविलेल्या रकमेपेक्षा पुष्कळच कमी होती. सत्य सांगितले गेले, क्षमा मागितली गेली, पण देणे चुकते झाले नाही, तर सांधा कच्चाच राहतो.

भारतीय कायद्यानेही या दिशेने एक लहान पाऊल टाकले आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, पाच हजार रुपयांहून कमी किमतीच्या पहिल्याच चोरीसाठी, चोरलेली वस्तू वा तिचे मूल्य परत केल्यास, समाजसेवेची शिक्षा सांगितली आहे. 'परत केल्यास' या दोन शब्दांत सांधणाऱ्या न्यायाचे बीज आहे. ते रुजेल की नाही, हे न्यायालयांपेक्षा समाजाच्या सवयीवर अवलंबून राहील. ज्या घरात मुलाला 'सॉरी म्हण' एवढेच सांगून मोकळे केले जाते आणि मोडलेले खेळणे जोडून देण्यास कोणी बसत नाही, त्या घरातून ही सवय येणार नाही. ज्या वडीलधाऱ्यांना स्वतःची चूक मुलापुढे कबूल करणे कमीपणाचे वाटते, त्यांच्याकडूनही ती येणार नाही.

वाल्याला आपले खडे मोजता येत होते, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. आपण किती जणांचे वाईट केले याचा हिशेब त्याच्यापाशी होता. घरात, वर्गात, कचेरीत रोज नकळत रांजणात पडणाऱ्या लहान खड्यांचा हिशेब बहुतेकांपाशी नसतो. तो ठेवावा, आणि तप करण्याआधी, शिक्षा सुनावण्याआधी, एकेक खडा हाती घेऊन ज्याच्या नावाचा तो आहे त्याचे दार ठोठवावे.