खोट्या निरोपावर वाढणारा रक्ताचा कर्करोग

रक्तात ऑक्सिजन कमी पडला, की मूत्रपिंड एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक सोडते. ते अस्थिमज्जेतील पेशींच्या रिसेप्टरला चिकटते आणि तांबड्या पेशी वाढू लागतात. गरज भागली की निरोप ओसरतो. शार्लट फ्रेंड यांनी १९५७ मध्ये वर्णन केलेला उंदरांचा विषाणू नेमकी हीच शिस्त मोडतो. त्याचे जीपी५५ हे प्रथिन त्याच रिसेप्टरला जोडले जाते आणि संप्रेरकाशिवायही त्याला चालू ठेवते, हे १९९० मध्ये दिसून आले. उंदराची प्लीहा पेशींनी फुगते. विषाणूला नवी यंत्रणा उभारावी लागत नाही, शरीराचीच पुरते.

नुसती वाढ म्हणजे कर्करोग नव्हे, हा आक्षेप रास्त आहे. सुरुवातीला या पेशी पक्व होतच असतात. पुढे एखाद्या पेशीत विषाणूचा जनुकसंच पीयू.१ जनुकाजवळ घुसतो, पक्व होणे अडते, अनेकदा पी५३ हे रक्षक जनुकही निकामी होते. तेव्हा खरा ल्युकेमिया उभा राहतो. उंदरांच्या आजाराचा माणसाला काय उपयोग, असेही कोणी विचारेल. पण माणसात तांबड्या पेशी अवाजवी वाढवणाऱ्या पॉलिसायथेमिया व्हेरा या आजाराच्या बहुसंख्य रुग्णांत २००५ मध्ये जॅक२ एन्झाइमातला बदल सापडला, आणि हेच एन्झाइम त्या रिसेप्टरचा निरोप पेशीत पोहोचवते. आज जॅक रोखणारी औषधे रुग्णांना मिळतात. कारण वेगळे असले तरी बिघडणारी वाट एकच आहे, म्हणून असे मूलभूत संशोधन जपलेच पाहिजे.