जुन्या लॅपटॉपला नवी एसएसडी लावली आणि तो सुरूच होईना? बिघाड कुठे आहे, हे असं शोधा

'लॅपटॉप स्लो झालाय? नवा घेऊ नकोस, एसएसडी टाक.' हा सल्ला तुम्हाला कुणी ना कुणी दिलाच असेल. तो चुकीचाही नाही. आठ-दहा वर्षांपूर्वीच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये मिनिटाला ५४०० फेरे घेणारी हार्ड डिस्क असते. एखादी फाइल वाचायची तर फिरणारी तबकडी योग्य जागी येईपर्यंत वाट पाहावी लागते. विंडोज सुरू होताना अशा हजारो छोट्या फाइल्स वाचल्या जातात आणि प्रत्येक वेळी ही वाट पाहणं आलंच. एसएसडीमध्ये फिरणारं काहीच नसतं, म्हणून दोन-तीन मिनिटं घेणारा लॅपटॉप अर्ध्या मिनिटात सुरू होऊ शकतो.

अडचण येते ती डिस्क बदलताना. नवी डिस्क बसवली, बटण दाबलं आणि काळ्या स्क्रीनवर 'नो बूटेबल डिव्हाइस' असं आलं, की माणूस गोंधळतो. मग समोर दिसेल त्या पर्यायावर क्लिक होतं, चुकीची डिस्क फॉरमॅट होते आणि लग्नाचे, मुलांच्या लहानपणाचे फोटो गायब होतात. लॅपटॉप दुरुस्त करता येतो, पण पुसला गेलेला डेटा परत मिळेलच असं नाही.

म्हणून एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. डिस्क ते विंडोज या वाटेवर चार टप्पे आहेत: डिस्कची जोडणी, बायोस, डिस्कवरचे विभाग म्हणजे पार्टिशन, आणि शेवटी विंडोज. गाडी कोणत्या टप्प्यावर अडली आहे हे आधी ओळखा, मगच काही बदला.

सुरू करण्यापूर्वी तीन कामं

१. बॅकअप घ्या. क्लोन, म्हणजे जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल, हा बॅकअप नव्हे. महत्त्वाच्या फाइल्स तिसऱ्या जागी, म्हणजे पेन ड्राइव्ह, दुसरी हार्ड डिस्क किंवा क्लाउडवर ठेवा.

२. जुन्या डिस्कची तब्येत तपासा. 'क्रिस्टलडिस्कइन्फो' हे मोफत सॉफ्टवेअर डिस्क 'गुड', 'कॉशन' की 'बॅड' आहे ते दाखवतं. 'कॉशन' किंवा 'बॅड' दिसलं, तर आधी फाइल्स कॉपी करा. क्लोन करताना काम दरवेळी एकाच टक्क्यावर अडत असेल, तर डिस्कवरची ती जागा खराब झालेली असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी पुन्हा पुन्हा क्लोनचा प्रयत्न करून मरत्या डिस्कला पळवू नका.

३. बिटलॉकर सुरू आहे का ते पाहा. असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की आधीच लिहून ठेवा. बायोसमधली सेटिंग बदलली की विंडोज ही की मागू शकतं. ती अनेकदा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये साठवलेली असते.

कोणती डिस्क बसेल?

निम्म्या तक्रारी दुकानातच टाळता येतात. जुन्या लॅपटॉपमध्ये साधारणपणे अडीच इंची सॅटा डिस्क असते, तेव्हा अडीच इंची सॅटा एसएसडीच घ्या. साधारण २००६ पूर्वीच्या लॅपटॉपमध्ये मात्र सॅटाऐवजी बारीक पिनांच्या दोन रांगा असलेली आयडीई डिस्क असू शकते. तिच्या जागी सॅटा डिस्क थेट बसत नाही.

च्युइंगगमच्या पट्टीसारख्या दिसणाऱ्या एम डॉट टू डिस्कच्या बाबतीत गफलत जास्त होते. या डिस्क दोन प्रकारच्या असतात, सॅटा आणि एनव्हीएमई. दिसायला सारख्याच, पण केवळ सॅटासाठी बनलेल्या स्लॉटमध्ये एनव्हीएमई डिस्क चालत नाही. शिवाय अनेक जुन्या लॅपटॉपच्या बायोसला एनव्हीएमईवरून सुरू होताच येत नाही. लॅपटॉपचं नेमकं मॉडेल कंपनीच्या साइटवर टाकून सर्व्हिस मॅन्युअल पाहिलं, की शंका उरत नाही.

पहिला टप्पा: बायोसमध्ये डिस्क दिसतच नाही

लॅपटॉप सुरू करताच बायोसचं बटण दाबा. डेल, एसर, असूसमध्ये ते बहुधा एफ-२ असतं, एचपीमध्ये एफ-१०, तर थिंकपॅडमध्ये एफ-१. तिथल्या यादीत नव्या डिस्कचं नाव नसेल, तर विंडोजचा दोष शोधण्यात अर्थ नाही. बिघाड जोडणीत आहे.

लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, बॅटरी काढता येत असेल तर काढा आणि डिस्क पुन्हा नीट बसवा. इथे जाडीचा प्रश्न येतो. जुन्या हार्ड डिस्क बऱ्याचदा साडेनऊ मिलिमीटर जाडीच्या असायच्या, एसएसडी मात्र सात मिलिमीटरची असते. अडीच मिलिमीटरच्या फटीमुळे ती हलते आणि कनेक्टर सुटतो. काही एसएसडींसोबत प्लॅस्टिकची पातळ चौकट मिळते, ती याचसाठी. जुन्या डिस्कला लावलेली धातूची कॅडीही नव्या डिस्कला चढवायला विसरू नका.

तरीही दिसली नाही, तर जुनी डिस्क परत लावून पाहा. जुनीही दिसत नसेल तर संशय केबलवर. काही लॅपटॉपमध्ये डिस्क थेट मदरबोर्डला न जोडता चपट्या केबलने जोडलेली असते आणि वर्षांनुवर्षांच्या उष्णतेने, दाबाने ती खराब होते. २०१२ च्या १३ इंची मॅकबुक प्रोमधली ही केबल त्यासाठी कुप्रसिद्ध आहे. जुनी डिस्क कशीबशी चालते पण नवी, वेगवान एसएसडी लावली की लॅपटॉप अडखळतो, हे त्याचं ठरलेलं लक्षण.

केबलचा आणखी एक पुरावा क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये मिळू शकतो. तिथे 'सीआरसी एरर काउंट' हा आकडा दिवसागणिक वाढत असेल, तर डिस्कपेक्षा केबल किंवा कनेक्टरवर शंका घ्या.

जुनी डिस्क व्यवस्थित दिसते आणि नवी दिसत नाही, अशी स्थिती असेल तर नवी डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून पाहा. तिथेही दिसली नाही तर ती बदलून घ्या. दुसरीकडे दिसली, तर तुमच्या लॅपटॉपसाठी कंपनीने बायोसचा अपडेट दिला आहे का ते शोधा. अपडेट करताना मात्र चार्जर लावलेलाच हवा. मध्येच वीज गेली तर लॅपटॉप कायमचा बंद पडू शकतो.

दुसरा टप्पा: बायोसमध्ये दिसते, पण 'धिस पीसी'मध्ये नाही

ही तक्रार क्लोनिंगसाठी नवी डिस्क यूएसबी केसिंगमधून जोडल्यावर येते, आणि बहुतेक वेळा यात बिघाड काहीच नसतो. कोरी डिस्क म्हणजे रिकामी जमीन. तिच्यावर आखणी झाल्याशिवाय विंडोज तिला 'डी' किंवा 'ई' असं अक्षर देत नाही. स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून 'डिस्क मॅनेजमेंट' उघडा. तिथे डिस्क 'अनअ‍ॅलोकेटेड' म्हणून दिसेल.

सगळ्यात जास्त नुकसान याच खिडकीत होतं. 'इनिशियलाइझ' किंवा 'फॉरमॅट' म्हणण्याआधी डिस्कचा आकार दोनदा वाचा. जुनी आणि नवी दोन्ही ५०० जीबीच्या असतील तर नाव आणि मॉडेल क्रमांक पडताळा. जुन्या डिस्कबद्दलच असा प्रश्न विंडोज विचारत असेल, तर उत्तर 'कॅन्सल' हेच.

आणखी एक कोडं. यूएसबी केसिंगमध्ये असताना डिस्क छान चालत होती, लॅपटॉपच्या आत बसवली की 'रॉ' किंवा रिकामी दिसते. काही केसिंग डिस्कमधल्या जागेचा हिशेब ५१२ बाइटऐवजी ४०९६ बाइटच्या तुकड्यांत मांडतात. थेट जोडल्यावर तो हिशेब जुळत नाही. डेटा गेलेला नसतो. डिस्क पुन्हा त्याच केसिंगमध्ये घाला, फाइल्स दिसतील. मग नवी डिस्क लॅपटॉपच्या आत आणि जुनी बाहेर ठेवून, क्लोनझिलासारख्या सॉफ्टवेअरच्या पेन ड्राइव्हवरून क्लोन करा.

तिसरा टप्पा: क्लोन झालं, पण विंडोज सुरू होत नाही

डिस्कवर पार्टिशनचा नकाशा दोन पद्धतींनी लिहिला जातो: जुनी एमबीआर आणि नवी जीपीटी. लॅपटॉप सुरू होण्याच्याही दोन पद्धती आहेत: जुनी लेगसी आणि नवी यूईएफआय. विंडोजची जोडी ठरलेली आहे. एमबीआर असेल तर लेगसी, जीपीटी असेल तर यूईएफआय. क्लोन करताना नकाशा बदलला किंवा बायोस रीसेट होऊन पद्धत बदलली, की जोडी फुटते आणि 'नो बूटेबल डिव्हाइस' येतं.

उपाय या क्रमाने करा:

- पहिल्यांदा सुरू करताना जुनी डिस्क आणि सगळे पेन ड्राइव्ह काढून ठेवा. दोन जुळ्या डिस्क एकत्र असल्या की विंडोज गोंधळतं.
- बायोसमध्ये बूट ऑर्डर तपासा. नवी डिस्क किंवा 'विंडोज बूट मॅनेजर' पहिल्या क्रमांकावर हवं.
- लेगसी आणि यूईएफआय यांपैकी जुनी डिस्क ज्या पद्धतीवर चालत होती, तीच ठेवा.
- सॅटा मोड, म्हणजे एएचसीआय, आयडीई किंवा रेड, यात हात घालू नका. विंडोज बसवल्यावर हा मोड बदलला तर निळी स्क्रीन येते आणि 'इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' असं दिसतं. बदलला असेल तर पूर्वीचा करा.
- एवढं करूनही जमलं नाही, तर विंडोजचा इन्स्टॉलेशन पेन ड्राइव्ह लावून 'रिपेअर युवर कॉम्प्युटर'मधलं 'स्टार्टअप रिपेअर' चालवा.

नव्याने विंडोज टाकताना 'ही डिस्क जीपीटी पद्धतीची आहे' अशा अर्थाची सूचना येऊन काम थांबलं, तर कारण तेच. पेन ड्राइव्ह लेगसी पद्धतीने सुरू झालेला असतो. बूट मेन्यूत त्याच पेन ड्राइव्हच्या नावामागे 'यूईएफआय' लिहिलेला पर्याय निवडा.

विंडोजचं लायसन्स जाईल अशी भीती अनेकांना असते. विंडोज १० चं डिजिटल लायसन्स प्रामुख्याने मदरबोर्डशी जोडलेलं असतं. केवळ डिस्क बदलल्याने सहसा ते जात नाही. तीच आवृत्ती टाका आणि इंटरनेट जोडा.

चौथा टप्पा: सुरू झालं, पण मन भरलं नाही

जागा कमी दिसते. १ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते. फसवणूक नाही. कंपनी १ टीबी म्हणजे एक लाख कोटी बाइट धरते, विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं. पण ५०० जीबीच्या डिस्कवरून १ टीबीवर येऊनही ४६५ जीबीच दिसत असतील, तर क्लोनने जुनीच आखणी उतरवली आहे. उरलेली जागा डिस्क मॅनेजमेंटमधून 'एक्स्टेंड व्हॉल्यूम'ने जोडता येते. मध्ये रिकव्हरी पार्टिशन आडवं आलं, तर हा पर्याय फिका दिसतो. त्यासाठी वेगळं पार्टिशन सॉफ्टवेअर लागतं. आणि एमबीआर पद्धतीत सुमारे २ टीबीच्या पुढची जागा वापरताच येत नाही.

वेग कमी वाटतो. खोक्यावर सेकंदाला ५५० एमबी लिहिलेलं असतं, तुम्हाला मिळतात २७०. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये 'ट्रान्सफर मोड'पुढे 'सॅटा/३००' दिसत असेल, तर तुमच्या लॅपटॉपची वाटच तेवढी रुंद आहे. त्यात बदल होत नाही, पण रोजच्या कामात फारसं बिघडतही नाही. हार्ड डिस्कपेक्षा जाणवणारा फरक छोट्या फाइल्स पटकन मिळण्यात असतो आणि तो इथेही मिळतो. तरीही लॅपटॉप रखडत असेल तर रॅम पाहा. ४ जीबी रॅमवर ब्राउझरचे वीस टॅब उघडले, तर एसएसडी तरी काय करणार?

हा खर्च करावा का?

डिस्क घेण्याआधी हेही पाहा. विंडोज १० साठी मायक्रोसॉफ्टचा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि इंटेलचे साधारण आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर लागतात, त्यामुळे अनेक जुने लॅपटॉप त्यात बसत नाहीत. अशा लॅपटॉपवर एसएसडीसोबत लिनक्स मिंटसारखी मोफत सिस्टिम टाकता येते. अभ्यास, टायपिंग, व्हिडिओ पाहणं यासाठी तो आणखी काही वर्षं चालेल. पण स्क्रीन, बॅटरी आणि बिजागरी तिन्ही गेल्या असतील, तर आधी हिशेब करा. एसएसडी काढून पुढच्या लॅपटॉपला लावता येते, दुरुस्तीचा खर्च मात्र परत येत नाही.

जुन्या डिस्कचं काय करायचं?

निदान महिनाभर काहीच नाही. नव्या डिस्कवर सगळ्या फाइल्स उघडतात का, टॅलीचा डेटा, ईमेल, फोटो आले का, हे बघेपर्यंत जुनी डिस्क नाव लिहून कपाटात ठेवा. नवी एसएसडी कोणतीही पूर्वसूचना न देता बंद पडू शकते आणि तिच्यावरचा डेटा परत मिळवणं हार्ड डिस्कपेक्षा बऱ्याचदा कठीण असतं. जुनी डिस्क ठणठणीत असेल, तर पुढे केसिंगमध्ये घालून तिचाच बॅकअपसाठी वापर करा.

ती विकायची किंवा भंगारात द्यायची असेल, तर 'क्विक फॉरमॅट'वर विसंबू नका. त्याने केवळ अनुक्रमणिका पुसली जाते, पानं तशीच राहतात. आधार, पॅन, बँकेची कागदपत्रं कुणीही परत काढू शकतं. विंडोजमध्ये फॉरमॅट करताना 'क्विक'ची खूण काढून टाका. वेळ जास्त लागेल, पण प्रत्येक जागेवर शून्य लिहिलं जाईल. आणि ते बटण दाबण्याआधी, पुन्हा एकदा, डिस्कचं नाव वाचा.