नाळीगेर ते निउ: नारळाच्या नावाची सफर

नाशकात रविवार कारंजावर चांदीच्या गणपतीला जाताना आपण नारळ कानाशी धरून हलवतो. पाणी वाजतंय ना, एवढीच आपली चौकशी. त्याचं नाव कुठून आलं, हे काही आपण दुकानदाराला विचारत नाही.

उत्तराची पहिली खूण गावातच आहे, पांडवलेणीच्या १० नंबरच्या लेण्यात. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने तिथे आपल्या दानाची यादी कोरून घेतली, इसवी सन १२० च्या आगेमागे. जावईबापूंचा हात भलताच सैल! तीन लाख गायी, सोळा गावं, आणि नानंगोल गावची नारळाची ३२ हजार झाडं. नानंगोल म्हणजे उंबरगावजवळचं आजचं नारगोळ, असं अभ्यासक मानतात. झाडं मिळाली ती फिरत्या साधूंच्या संघांना, त्यांत आपल्या गंगापूरशेजारच्या गोवर्धनचा संघही होता. शेजारच्या दुसऱ्या लेखात चिखलपद्र गावच्या आणखी ८ हजार झाडांची नोंद आहे. आणि दगडातला शब्द आहे ‘नाळीगेर’. माड समुद्राकाठी, पण त्याचा सातबारा म्हणा हवं तर, तो नाशकात!

संस्कृतात ‘नारिकेल’ही आहे आणि ‘नालिकेर’ही. र आणि ल यांनी जागा बदलल्या, जसं आपण डेस्कचं डेक्स करतो. मूळ शब्द संस्कृत नसावा, यावर बऱ्याच जणांचं एकमत. पुढे मात्र भांडण. काही जण तमिळ ‘नार’कडे बोट दाखवतात, म्हणजे धागा, काथ्या. काही जण थेट समुद्रापलीकडे, ऑस्ट्रोनेशियन भाषांकडे. मला दुसरी बाजू जास्त गमतीची वाटते, कारण तिथला शब्द निव्वळ भटक्या आहे.

भाषाशास्त्रज्ञांनी त्याचं जुनं रूप ‘निउर’सारखं असावं असं मांडलंय. मलय भाषेत तो ‘न्यिउर’, बालीत ‘न्युह’. फिलिपिन्सच्या टागालोगमध्ये ‘नियोग’ (महाभारतातला नव्हे, दचकू नका). फिजी, सामोआ, टोंगा, हवाई, सगळीकडे सुटसुटीत ‘निउ’. आणि दुसऱ्या टोकाला, आफ्रिकेच्या कुशीतल्या मादागास्करमध्ये ‘वुआनिउ’. ‘वुआ’ म्हणजे फळ. पृथ्वीचा जवळजवळ अर्धा घेर एका शब्दाने होड्यांत बसून पार केला.

सगळ्यात भारी किस्सा न्यूझीलंडचा. माओरी लोक तिथे पोचले, पण थंडीत नारळ काही रुजला नाही. फळ गेलं, शब्द उरला: शकुन पाहण्याच्या छोट्या काड्यांना ते ‘निउ’ म्हणू लागले. आपणही देवापुढे नारळ ठेवून कौल लावतोच. तेव्हा हसायचं कारण नाही.

होड्यांच्या या गोष्टीला झाडाचीही साक्ष आहे. २०११ मध्ये तेराशेहून अधिक माडांचे जनुकीय नमुने तपासले गेले. नारळाची घराणी दोन निघाली, एक हिंदी महासागराचं, दुसरं प्रशांत महासागराचं. मादागास्करच्या बाजूला मात्र दोघांची सरमिसळ, म्हणजे शब्दासोबत रोपंही त्याच होडीत होती. सामोआत दोन जाती सांगतात: ‘निउ काफा’ आणि ‘निउ वाई’. काफा म्हणजे काथ्याची दोरी, वाई म्हणजे पाणी. म्हणजे एक दोरीसाठी, दुसरी पाण्यासाठी.

पश्चिमेकडे निघालेला ‘नारिकेल’ इराणात ‘नारगील’ झाला. करवंटीत पाणी भरून हुक्का ओढायची चटक लागली, तर तुर्कांनी हुक्क्यालाच ‘नारगिले’ म्हटलं. पोर्तुगीजांनी मात्र करवंटीचे तीन डोळे पाहून ‘कोको’ हे नाव दिलं. त्यांच्याकडे मुलांना घाबरवायचा तो बागुलबुवा. इंग्रजी ‘कोकोनट’ तिथूनच आला. इंग्रजीत ‘कोप्रा’ गेला तो मात्र मलबार किनाऱ्यावरून, आणि तो आपल्या ‘खोबऱ्या’चा भाऊबंद.

मराठीने यात आपली भर घातली ती वाक्प्रचारात. शुभारंभाला नारळ फोडायचा आणि नोकरीवरून काढायचं झालं तरी नारळच द्यायचा!

पुढच्या वेळी पांडवलेणीच्या पायऱ्या चढाल तेव्हा १० नंबरच्या ओसरीत मागच्या भिंतीवर, छताच्या खाली नजर टाका. ब्राह्मी वाचता येणाऱ्या मित्राला सोबत न्या, आणि त्याला ‘नाळीगेर’ शोधायला लावा.