सोळाशेच्या पुढचं धावणं

२०२२ हे वर्ष अमरावती-अकोल्याकडच्या धावणाऱ्या पोरांचं वाट पाहण्यातच गेलं. लष्कराची भरती कोरोनापासून बंद होती, पोलीस भरतीची जाहिरात आज निघते की उद्या, याच्या रोज नव्या बातम्या. तरी पहाटेची प्रॅक्टिस कोणी सोडली नाही. अमरावतीत छत्री तलावाचा रस्ता आणि वडाळीची बाजू, अकोल्यात कृषी विद्यापीठाचे रस्ते अंधारातच जागे व्हायचे. मे महिन्यात तर पर्यायच नसतो. इथे सूर्य वर आला की धावणं संपलं.

मी याच पोरांबरोबर धावतो. भरतीचं वय केव्हाच गेलं, पण पाच हजार, दहा हजार मीटर आणि हिवाळ्यात अर्धमॅरेथॉन हे चालू आहे. तरी त्या वर्षाचा मागोवा घ्यायचा तर तो माझ्या शर्यतींचा घेण्यात अर्थ नाही. आमच्या ग्राउंडवर त्या वर्षी खरी चर्चा असायची ती अविनाश साबळेच्या टायमिंगची.

साबळे आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा, म्हणजे बीड जिल्ह्यातला. बारावीनंतर फौजेत गेला, ५ महार बटालियनमध्ये. सियाचीन पाहिलं, राजस्थान पाहिलं, सिक्कीम पाहिलं. त्याचं स्पर्धेचं धावणं सुरू झालं ते २०१५ मध्ये, फौजेतल्या क्रॉसकंट्रीपासून. पुढे तो ३००० मीटर स्टीपलचेसकडे वळला आणि २०१८ साली भुवनेश्वरला त्याने गोपाल सैनी यांचा १९८१ चा राष्ट्रीय विक्रम मोडला. सदतीस वर्षं तो विक्रम कोणाला हलला नव्हता.

आमच्याकडे हा क्रम बरोबर उलटा आहे. पोरगं भरतीसाठी धावायला लागतं आणि यादीत नाव लागलं त्या दिवशी धावणं सोडतं. साबळेचं धावणं मात्र भरती झाल्यावर सुरू झालं. २०२२ च्या त्याच्या मोसमाकडे मी सगळ्यात जास्त याच नजरेने पाहत होतो.

मोसम उघडला मार्चमध्ये, तिरुवनंतपुरमला. ८ मिनिटं १६.२१ सेकंद, स्वतःचाच राष्ट्रीय विक्रम पुन्हा मोडला. त्यानंतर तो अमेरिकेत सरावाला गेला आणि ६ मे रोजी कॅलिफोर्नियात सॅन हुआन कॅपिस्ट्रानोला ५००० मीटर १३ मिनिटं २५.६५ सेकंदांत धावला. त्या शर्यतीत तो बारावा आला. पण बहादूर प्रसाद यांचा १९९२ चा राष्ट्रीय विक्रम त्याच शर्यतीत गेला. बारावा येऊन विक्रम होतो हे आमच्या पोरांना पटवायला मला बराच वेळ लागला. इथल्या गावोगावच्या रोड रेसमध्ये पहिल्या तिघांना बक्षीस मिळतं, बाकीचे घरी जातात. आपल्यापेक्षा जोरात धावणाऱ्यांच्या मागे लागल्यानेच टायमिंग उतरतं, हे बक्षिसाच्या पाकिटामागे धावताना शिकता येत नाही.

५ जूनला मोरोक्कोत, रबातच्या डायमंड लीगमध्ये, ८ मिनिटं १२.४८ सेकंद. पाचवा क्रमांक, आणखी एक राष्ट्रीय विक्रम. त्याच दिवसांत आमच्या अमरावती-अकोला रस्त्यावर दुसराच विक्रम चालू होता. लोणीपासून मानापर्यंत, ३ ते ७ जून, दिवसरात्र डांबर पडत होतं आणि १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटरची एक लेन सलग तयार झाली. गिनीजमध्ये नोंद झाली. त्या रस्त्याच्या खड्ड्यांत वर्षानुवर्षं हाल काढलेल्या आम्हा लोकांना दोन्ही बातम्यांचा सारखाच आनंद झाला होता.

आठवडाभरात, १४ जूनला, अग्निपथ योजना जाहीर झाली. चार वर्षांची नोकरी आणि त्यानंतर चारातल्या एकालाच कायम ठेवणार. दोन वर्षं वाट पाहिलेली पोरं दुसऱ्या दिवशी सकाळी धावली नाहीत, कट्ट्यावर बसून राहिली. काय बोलावं ते मलाही सुचेना. दोन-तीन दिवसांनी पुन्हा आली, काही आलीच नाहीत.

जुलैत ओरेगॉनची जागतिक स्पर्धा झाली. प्राथमिक फेरी छान गेली, पण अंतिम शर्यत कमालीची संथ झाली. जिंकणाऱ्या एल बक्कालीलाच ८ मिनिटं २५ सेकंद लागले. अशा शर्यतीत सगळे शेवटच्या फेरीसाठी दम राखून ठेवतात आणि मग एकदम सुटतात. साबळे अकरावा आला, ८ मिनिटं ३१.७५. सगळ्या मोसमात मला ही शर्यत सर्वांत महत्त्वाची वाटते. रबातमध्ये ८:१२ धावलेल्या माणसाला इथे एकोणीस सेकंद जास्त लागले. पाय तेच होते, फिटनेस तोच होता. चुकलं असेल तर ते पुढे कधी सुटायचं याचं गणित. आणि मोसम भरगच्च असण्याचा फायदा असा की पुढची शर्यत तीन आठवड्यांच्या आतच होती.

बर्मिंगहॅम, ६ ऑगस्ट, राष्ट्रकुल स्पर्धा. १९९८ ते २०१८ या सहाही स्पर्धांत स्टीपलचेसची तिन्ही पदकं केनियानेच नेली होती. इथेही तीन केनियन पुढे आणि त्यांच्या मागे साबळे. साडेसात चकरा, अठ्ठावीस अडथळे, शिवाय सात वेळा पाण्यावरची उडी. हा पाण्याचा अडथळा आमच्या बहुतेक पोरांनी फक्त मोबाईलवरच पाहिला आहे. एक्क्याण्णव सेंटिमीटर उंचीच्या लाकडावर पाय टेकवायचा, तिथूनच अंग पुढे फेकायचं आणि चढत जाणाऱ्या खड्ड्याच्या उथळ टोकाला उतरायचं. लाकडाच्या जवळ पडलं तर पाणी सर्वांत खोल, म्हणजे लय गेलीच. बूट पहिल्याच उडीत भिजतो आणि शेवटपर्यंत ओलाच राहतो. साबळे एकेकाला गाठत गेला. शेवटच्या सरळ पट्ट्यात अब्राहम किबिवोटच्या खांद्यापर्यंत पोचला. किबिवोट ८:११.१५, साबळे ८:११.२०. पाच शतांश सेकंदाने सोनं गेलं, पण रौप्य आलं, पुन्हा राष्ट्रीय विक्रम झाला आणि केनियाची ती मक्तेदारी मोडली. पोरं ओरडत होती, मी डोळे पुसत होतो.

दुसऱ्या दिवशी ग्राउंडवर आम्ही हिशेब मांडला. पोलीस भरतीत मुलांना सोळाशे मीटरला वीस गुण असतात आणि ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत आलं की आउट ऑफ. साबळेच्या बर्मिंगहॅमच्या वेगाने सोळाशे मीटर होतात साधारण ४ मिनिटं २२ सेकंदांत, तेही अडथळे ओलांडत, आणि नंतर अजून चौदाशे मीटर बाकी. आउट ऑफवाल्यात आणि त्याच्यात अठ्ठेचाळीस सेकंदांचा फरक. कुणी हसलं नाही. एकाने विचारलं, "सर, हे अठ्ठेचाळीस सेकंद किती वर्षांत भरतात?" भरतीच्या पोराकडून हा प्रश्न मी प्रथमच ऐकला. त्याआधी सगळ्यांना फक्त कटऑफ हवा असायचा.

अमरावतीला व्यायामाची परंपरा शिकवायची गरज नाही. १९१४ साली वैद्य बंधूंनी सुरू केलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा संघ १९३६ च्या ऑलिम्पिकच्या वेळी बर्लिनला जाऊन देशी खेळ दाखवून आला होता. लांब पल्ल्याचं धावणं मात्र आमच्याकडे नोकरीच्या दारापर्यंत जाण्याचं साधन म्हणूनच राहिलं. यात पोरांचा दोष मी कधीच काढणार नाही. दोन एकर कोरडवाहू कपाशीवर घर चालवणाऱ्या बापाच्या मुलाने आधी नोकरी पाहावी हेच बरोबर आहे. साबळेनेही आधी नोकरीच पाहिली.

नोव्हेंबरमध्ये अखेर पोलीस भरतीची जाहिरात निघाली आणि जानेवारी २०२३ मध्ये मैदानी चाचण्या सुरू झाल्या. आमच्यातल्या काहींचं ग्राउंड चांगलं गेलं, काहींचं लेखीत अडकलं. साबळे पुढे हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत स्टीपलचेसचं सोनं घेऊन आला आणि २०२४ मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये ८:०९.९१ पर्यंत उतरला.

जी पोरं भरती झाली त्यांना मी अजून फोन करतो. ड्युटी कशी आहे ते विचारतो आणि मग ठरलेलं बोलणं होतं: पोलिसांच्या क्रीडा स्पर्धेत पाच हजार मीटरला नाव दे, नसेल जमत तर पंधराशेला दे, पण दे. ज्यांचं नाव लागलं नाही त्यांच्यासाठी जिल्हा अजिंक्यपद स्पर्धेचा खुला गट आहे, तिथे कटऑफ नसतो. दोघांनी गेल्या हिवाळ्यात नावं दिली. त्यांच्यातला एक तोच, अठ्ठेचाळीस सेकंदांचं विचारणारा.